परवाना खरा असतो, तपासणीचं काय?

प्रश्न साखर पेठेतल्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याचा आहे. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला. पेठेतलं जुनं घर विकून जुळे सोलापूरच्या पुढे होणाऱ्या एका ज्येष्ठ नागरिक गृहप्रकल्पात दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा विचार चाललाय. जाहिरातीत ‘महापालिका मंजूर’ असं ठळक लिहिलंय. चोवीस तास परिचारिका, इमारतीतच दवाखाना, व्हीलचेअर कुठेही अडणार नाही अशी रचना, असं सगळं आहे. पण ज्येष्ठ नागरिक संघात विषय काढला की जो तो म्हणतो, ‘पालिकेच्या शिक्क्याचं काय सांगता, तो कुणालाही मिळतो.’ सर विचारतात, मग विश्वास ठेवायचा कशावर, आणि असल्या प्रकल्पांवर लक्ष तरी कोण ठेवतं?

मी बांधकाम परवान्याच्या फायली दाखल करणारा परवानाधारक अभियंता. आयुष्याचा मोठा भाग बिल्डरच्या बाजूने फायली टाकण्यात गेला, अलीकडे सोसायट्या आणि ज्येष्ठ मंडळींसाठी कागद तपासून देतो. तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत.

सरळ उत्तर असं, की सर, तुमच्या संघातल्या लोकांचा अविश्वास खोटा नाही, फक्त तो भलत्या जागी आहे. शिक्का बहुतेक वेळा खराच असतो. तुम्हाला ज्याची काळजी आहे, त्याबद्दल तो शिक्का काही बोलतच नाही, ही खरी अडचण. पालिकेने जे कधी तपासलंच नाही, ते तपासलं असेल असं आपण धरून चालतो आणि नंतर फसलो की पालिकेने खाल्लं म्हणतो. कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा तिथे खाण्यासारखंही काही नसतं, कारण ती तपासणी कुणाच्याच कामात बसत नाही.

बांधकाम परवाना देताना काय पाहतात? जागा कुणाच्या नावावर, विकास योजनेत ती कुठल्या झोनमध्ये, रस्ता किती रुंद, चारही बाजूंनी किती जागा सोडली, चटईक्षेत्र किती वापरलं, उंची किती, पार्किंग किती, आगीच्या दृष्टीने काय सोय. राज्यात २०२० च्या डिसेंबरपासून मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर एकच एकत्रित नियमावली लागू आहे आणि सोलापुरातल्या फायली त्याच नियमावलीवर तपासल्या जातात. त्या फायलीत तुमची इमारत असते साधी रहिवासी इमारत. ‘ज्येष्ठांसाठी’ हे जाहिरातीत असतं, परवान्यात बहुधा नसतं. अडथळामुक्त रचनेचे नियम आहेत, पण त्यांचा रोख मुख्यतः सार्वजनिक वापराच्या इमारतींवर. परिचारिका रात्री खरंच असते का, जेवणात मीठ कमी असतं का, अनामत परत मिळते का, हे तपासायला परवाना विभागाचा अवेक्षक, म्हणजे जागेवर पाहणी करणारा माणूस, येत नाही आणि येणारही नाही. गाडीच्या आरसी बुकात नंबर असतो, ड्रायव्हर कसा आहे ते नसतं, तसंच हे.

बरं, बाकीचं कोण बघतं? लिफ्टचा परवाना आणि तपासणी राज्याच्या विद्युत निरीक्षकांकडे, २०१७ च्या लिफ्ट कायद्याखाली. आगीची यंत्रणा अग्निशामक दलाकडे. पण २००६ च्या कायद्याप्रमाणे ती यंत्रणा चालू आहे असं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत इमारतीच्या मालकाने किंवा ताबेदाराने परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचं असतं, त्यालाच ‘फॉर्म बी’ म्हणतात. इमारतीत खरोखर रुग्ण ठेवून उपचार होणार असतील तर १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदणी लागते आणि शहरात ती पालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. नुसती ‘नर्स उपलब्ध’ असेल तर ती नोंदणी लागत नाही, म्हणून बरेच जण जाहिरातीत ‘दवाखाना’ लिहितात आणि प्रत्यक्षात एक रक्तदाबाचं यंत्र ठेवतात. संस्था धर्मादाय असेल तर धर्मादाय आयुक्त. फ्लॅट विकत असेल तर महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असं वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे, पण पैसे भरून राहणाऱ्या मध्यमवर्गीय म्हाताऱ्यांच्या खासगी प्रकल्पाची रोजची देखरेख त्या कायद्याने कुणावर टाकलेली नाही. म्हणजे इमारतीला सहा मालक आणि सेवेला एकही नाही.

आता सोलापूरकराचा अविश्वास एवढा खोल का, हेही समजून घ्यायला हवं. नुसतं ‘लोक उगाच बोलतात’ म्हणणं मला पटत नाही. १९९२ साली हद्दवाढ झाली आणि भोवतालची गावं एका फटक्यात शहरात आली. प्लॉट आधीच पाडलेले, रस्ते कागदावर, गुंठेवारीत स्टॅम्पवर विकलेल्या जागा. त्या भागातल्या माणसाने पालिकेला कर भरला आणि ड्रेनेजसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. उजनी धरण भरलेलं असतानाही नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, हे तर आता कुणाला सांगावंही लागत नाही. त्यात मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार. त्या काळात ज्याच्या दारात जाऊन भांडता येईल असा नगरसेवकच नव्हता. नगरसेवक काम करतोच असं नाही, पण त्याला निदान रस्त्यात गाठता येतं.

आणि चिमणी. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. पालिकेनेच ती विनापरवाना ठरवली होती. ती विमानांच्या वाटेत येते अशी तक्रार होती. विमानतळ महत्त्वाचा की कारखाना, त्या वादात मी इथे शिरत नाही. पण त्यातून गावातल्या माणसाने दोन धडे घेतले. परवानगीशिवायचं बांधकाम वर्षानुवर्षं उभं राहू शकतं हा एक. आणि पाडायचं ठरलं तर एका दिवसात पाडतात हा दुसरा. ‘आपल्या इमारतीचं यातलं काय होईल?’ हा प्रश्न मग साहजिकच येतो. इथे अविश्वास गॉसिपमधून आलेला नाही, लोकांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींतून आलाय.

आता फायलीच्या आतली गोष्ट सांगतो, कारण खरं भोक तिथे आहे. तपासणीची बहुतेक जबाबदारी कागदोपत्री कुणावर असते? पालिकेच्या माणसावर कमी, माझ्यासारख्यावर जास्त. जोत्यापर्यंतचं काम झालं की ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे असं परवानाधारक अभियंता किंवा आर्किटेक्ट लिहून देतो. इमारत पूर्ण झाली की पूर्णत्वाचा दाखला तोच सही करून दाखल करतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतःची सही करतो, आणि त्यावर पालिका वापर परवाना, म्हणजे भोगवटा दाखला, देते. पालिकेच्या अवेक्षकाने जागेवर येऊन मोजणी करायची असते. पण एकेका अवेक्षकाकडे पेठेतल्या गळक्या वाड्यापासून हद्दवाढ भागातल्या नव्या स्कीमपर्यंत सगळं असतं. तो येतो तेव्हा फरशी बसलेली, रंग झालेला, गेटवर तोरण. वॉचमनला विचारलं तर तो म्हणतो, ‘सायब येऊन गेलेत की वो.’ किती वेळ, काय मोजलं, ते त्यालाही माहीत नसतं.

आणि ज्याच्या सहीवर हे सगळं उभं आहे त्या अभियंत्याची फी कोण देतं? बिल्डर. माझ्या मते पालिकेतल्या चिरीमिरीपेक्षा ही रचना जास्त घातक आहे, कारण ती पूर्णपणे कायदेशीर आहे. प्रामाणिक माणसालाही ती हळूहळू बिल्डरच्या डोळ्यांनी बघायला शिकवते. नकाशात एक रॅम्प दाखवलेला असतो, बाराला एक असा सौम्य चढ. जागेवर बांधताना तो वळवतात, मग आखूड करतात, चढ उभा होतो. सही करणारा म्हणतो, ‘रॅम्प आहे ना? आहे.’ झालं.

अशाच एका प्रकल्पाचे कागद माझ्याकडे नंतर आले होते. नाव सांगत नाही. वापर परवाना खरा, नकाशा मंजूर, सगळं व्यवस्थित. पण तळमजल्यावर नकाशात जी ‘सोसायटी खोली’ होती, तिथे मेडिकलचं दुकान निघालं होतं. रॅम्पच्या तोंडाशी स्कूटर लागायच्या. लिफ्टच्या दारातून व्हीलचेअर जायची, पण आत वळायची नाही. स्ट्रेचर तर उभंच करावं लागलं असतं. रहिवासी पालिकेला शिव्या देत होते. मी मंजूर नकाशा समोर ठेवला तेव्हा कळलं, की लिफ्टचा आकार पहिल्यापासून तेवढाच होता आणि कुणीही, बिल्डरनेही, तो लपवलेला नव्हता. घेताना कुणी मोजलाच नव्हता. दुकान मात्र नंतरचं होतं, आणि त्याबद्दल तक्रार करण्यासारखं होतं. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळे दरवाजे. सगळं ‘पालिकेचा भोंगळ कारभार’ या एका पिशवीत टाकलं की एकाचाही निकाल लागत नाही.

म्हणून मी लोकांना सांगतो, अविश्वास ठेवा, पण नेमका ठेवा. ‘परवानगी आहे का?’ असं विचारू नका. ‘या कागदावर सही कुणाची, कोणत्या तारखेची, आणि सहीआधी जागेवर कोण आलं होतं?’ असं विचारा.

आता तुमच्या फ्लॅटकडे येऊ.

आधी हद्द पाहा. जुळे सोलापूरच्या पुढे म्हणता, तर जागा पालिकेच्या हद्दीत आहे की बाहेर? शहराबाहेर बांधकामाची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभागाच्या वाटेने येते. तिथे ‘महापालिका मंजूर’ असं लिहिलं असेल किंवा नुसत्या ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीवर चार मजले विकायला काढले असतील, तर पुढचं काही वाचूच नका. होटगी रोडच्या बाजूला असेल तर उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला आहे का तेही विचारा. चिमणीनंतर हा प्रश्न विचारायला कुणाला लाजायचं कारण उरलेलं नाही.

मग महारेरा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की नोंदणी सक्तीची. सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या नोंदणीच्या प्रकल्पांचा क्रमांक ‘पी ५२६’ ने सुरू होतो. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. नातवाला सांगा मोबाइल धरायला. उघडलेल्या पानावर मंजूर नकाशा, पूर्णत्वाची तारीख, दर तिमाहीची प्रगती, चालू असलेले खटले, सगळं दिसतं. बिल्डरने लोकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची असते, आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी तो किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ‘सर, तुम्ही आपलेच, निम्मे आत्ता द्या, करारनामा दिवाळीनंतर करू’ असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठा.

पण महारेरालाही देव मानू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली होती. ते उघड झालं, उच्च न्यायालयाने पाडण्याचे आदेश दिले आणि घरं घेतलेली कुटुंबं रस्त्यावर यायची वेळ आली. त्यातला धडा सोपा आहे. परवान्याची प्रत बिल्डरकडून घ्या आणि तिच्यावरचा जावक क्रमांक व तारीख ती देणाऱ्या कार्यालयात जाऊन ताडून पाहा. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि मी पाहिलंय, शंभरातले नव्वद लोक ते करत नाहीत. (शंभरातले नव्वद हा माझा अंदाज, कुणी मोजलेला नाही.)

ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी केंद्राने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि महारेराने २०२४ मध्ये महाराष्ट्रासाठी आपली. ‘निवृत्तांसाठी’, ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून विकत असाल तर किमान सोयी द्या आणि त्या विक्री करारनाम्यात लिहा, असा त्याचा गाभा. दारं किमान ९०० मिलिमीटर, शक्यतो सरकती. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट, तिच्यात डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल असा संकेत. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. बाथरूममध्ये न घसरणारी फरशी आणि धरायला दांड्या. स्वयंपाकघरात गॅसगळती कळवणारं यंत्र. विजेची पर्यायी सोय. तुम्ही करारनाम्याचा मसुदा मागवा आणि त्यात हे शब्द आहेत का ते बोट ठेवून शोधा. माहितीपत्रकात आहे आणि करारनाम्यात नाही, तर ते नाही असंच धरा. खोट्या जाहिरातीबद्दल रेरा कायद्यात भरपाई आहे, हे खरं. पण सत्तरीत खटला जिंकण्यापेक्षा आधी ओळ घालून घेणं बरं.

लिफ्ट मोजा. लाजू नका, टेप घेऊन जा. सहा-साडेसहा फुटांचं स्ट्रेचर आडवं बसतं का? नसेल तर वरच्या मजल्यावरून रात्री सिव्हिलला न्यायची वेळ आली की जिन्यातून खुर्चीत उचलून आणावं लागणार.

पाण्याचा हिशोब मी प्रत्येकाला करायला लावतो, कारण सोलापुरात तो टाळून चालत नाही. माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरा. चाळीस फ्लॅट, प्रत्येकी दोन माणसं, म्हणजे रोजचे १०,८०० लिटर. नळ पाच दिवसांआड येत असेल तर ५४,००० लिटर साठवण लागते, शिवाय आगीसाठीचं पाणी वेगळं. जमिनीखालची टाकी किती लिटरची हे विचारा. उत्तर ‘बोअर आहे की’ असं आलं, तर मे महिन्यात त्या परिसरातल्या बोअरचं काय होतं ते शेजारच्या सोसायटीत विचारा, बिल्डरला नको. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि पेन्शन मेंटेनन्सच्या वेगाने वाढत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच लोक घाईत सही करतात. ज्येष्ठांच्या प्रकल्पात करार साधारण दोन असतात. फ्लॅटचा एक आणि सेवेचा दुसरा. पहिला नोंदणीकृत, मुद्रांक भरलेला, वकिलाने वाचलेला. दुसरा चार पानांचा, कंपनीच्या लेटरहेडवर, ‘फॉर्मॅलिटी’ म्हणून पुढे सरकवलेला. तुमचं रोजचं आयुष्य त्या दुसऱ्या कागदावर चालणार आहे. त्यात पाहा: सेवा देणारी कंपनी कोणती, बिल्डरचीच की वेगळी? ती उद्या निघून गेली तर कोण देणार? दर वर्षी किती टक्के वाढवता येईल, कमाल मर्यादा आहे का? रात्री परिचारिका इमारतीत असणार की ‘बोलावल्यावर’? दोघांपैकी एक गेला तर दुसऱ्याने दोघांचे पैसे भरायचे का? अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेणार की ‘आमच्या सेवेत बसत नाही’ म्हणणार? फ्लॅट विकायचा झाला तर साठीच्या पुढच्यालाच विकायची अट आहे का, आणि हस्तांतरण शुल्क किती? मुलं वारसाहक्काने घेतील तेव्हा राहू शकतील का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पालिकेच्या फायलीत सापडणार नाही. आणि त्रास झाला की लोक यातल्याच गोष्टींसाठी पालिकेत खेटे घालतात.

फ्लॅट विकत न घेता मोठी अनामत भरून राहायचं असेल तर अधिक सावध. कायमस्वरूपी म्हणावा असा दीर्घ भाडेपट्टा रेराच्या कक्षेत येऊ शकतो. लवासाच्या ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसंच म्हटलं. पण साध्या भाड्याने राहणाऱ्याला रेरा कायद्यात ‘घर घेणारा’ धरलेलंच नाही. मग तुमच्या हातात ग्राहक आयोग आणि दिवाणी न्यायालय एवढंच उरतं. अनामत परतीची मुदत दिवसांत लिहून घ्या. ‘योग्य वेळी’, ‘नवीन रहिवासी आल्यावर’ असले शब्द खोडायला लावा.

ताबा घेताना वापर परवाना हातात हवा. हा कागद सगळ्यात जास्त टाळला जातो. वीज मीटर बसलं, टॅक्सपावती नावावर झाली, म्हणजे इमारत कायदेशीर झाली असं समजणारे सुशिक्षित लोक मी रोज पाहतो. महानगरपालिका कायद्यात अनधिकृत बांधकामावर दुप्पट कराची शास्ती लावायची सोय आहे, आणि तो कर भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही हेही तिथेच लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सगळ्या राज्यांना बजावलंय, की भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय ताबा देऊ नये, मंजूर नकाशा बांधकामाच्या जागेवर लावावा, अधिकाऱ्यांनी ठरावीक काळाने तपासणी करून तिची नोंद ठेवावी, आणि पाणी-वीज जोडणी दाखल्यानंतरच द्यावी. तुमच्या प्रकल्पाच्या गेटवर नकाशा लावलाय का ते आज संध्याकाळी फिरायला गेलात तरी कळेल.

‘तपासणीची नोंद’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण माहिती अधिकाराचा अर्ज त्याच शब्दांवर करायचा. आपल्याकडे लोक अर्जात लिहितात, ‘सदर इमारत अधिकृत आहे का, याचा खुलासा करावा.’ उत्तर येतं, ‘खुलासा करणे माहितीच्या व्याख्येत येत नाही.’ मग संघात पुन्हा तीच चर्चा, की पालिका लपवते. अर्ज असा करा: अमुक परवाना क्रमांकाच्या इमारतीची जोते तपासणी आणि पूर्णत्व तपासणी कोणत्या तारखांना झाली, तपासणाऱ्याचं नाव व पदनाम, स्थळ पाहणी अहवालाची प्रत, वापर परवान्याची व त्यासोबतच्या नकाशाची प्रत. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. नाही आलं तर पहिलं अपील. शिवाय नागरिकांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयातले अभिलेख पाहू द्यावेत असा शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. फाइल प्रत्यक्ष बघण्याइतकी माहिती प्रतींमधून मिळत नाही. टिपणीच्या पानांवर कोणी काय शेरा मारला ते तिथेच दिसतं. ‘स्थळ पाहणी अहवाल अभिलेखात आढळून येत नाही’ असं लेखी उत्तर आलं, तर निराश होऊ नका. तोच तुमचा सगळ्यात वजनदार कागद.

तक्रारीबद्दल एक इशारा. नकाशाबाहेरचं बांधकाम दिसलं की लोक थेट पालिकेकडे ‘पाडा’ म्हणून अर्ज देतात. नोटीस निघते, बिल्डर न्यायालयातून स्थगिती आणतो, आणि तुमचा वापर परवाना त्या वादात अडकतो. नुकसान राहणाऱ्याचं. प्रकल्प चालू असेल तर आधी महारेराकडे जा. मंजूर आराखड्यात मोठा बदल करायला दोन तृतीयांश घर घेणाऱ्यांची लेखी संमती लागते, आणि बांधकामातल्या दोषाची दुरुस्ती ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरने फुकट करून द्यायची असते. वेळेत ताबा नाही दिला तर व्याजासह पैसे परत मागता येतात. सेवेची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर इथे सोलापुरातच. फॉर्म बी, लिफ्ट, आगीच्या वाटेतल्या स्कूटर, यासाठी मात्र पालिका आणि संबंधित खातं, तेही वेळ न घालवता. तिथे थांबण्यात जिवाचा धोका आहे. प्रांताधिकाऱ्यांसमोरचं ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरण मुलांनी सांभाळलं नाही तर आहे, बिल्डरने फसवलं तर नाही. लोक तिथे चुकून जातात. कुठे जायचं हेच कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

संघातल्या मंडळींना आणखी एक सांगा. पालिकेवर नवं खातं, नवी समिती, नवा कायदा मागण्यात शक्ती घालवू नका. नवी समिती झाली की तिचंही एक टेबल होतं. एवढंच मागा, की ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक इमारतीचा स्थळ पाहणी अहवाल, तारीख आणि सहीसकट, पालिकेच्या संकेतस्थळावर टाकावा आणि फॉर्म बी दर सहा महिन्यांनी त्याच्याच खाली जोडावा. कागद आहेत, स्कॅन करायला फार पैसे लागत नाहीत. अवेक्षकाला आपली सही चारचौघांत दिसणार हे कळलं की तो टेप घेऊन येईल, आणि माझ्यासारखा अभियंताही रॅम्पचा चढ पुन्हा एकदा मोजून मगच सही करेल. आता सभागृहात निवडून आलेली माणसं आहेत, तर प्रभागातल्या नगरसेवकाकडून हा एक ठराव मांडून घेणं अवघड नाही.

सर, तुम्ही पेठेतलं घर विकायचा करार आणि फ्लॅटचा करार एकाच महिन्यात करू नका. आधी फ्लॅटचा करारनामा नोंदवा, त्यात ताब्याची तारीख आणि वापर परवान्याची अट घाला, आणि पेठेतल्या घराच्या खरेदीखतात ताबा द्यायला त्या तारखेपुढे निदान तीन महिन्यांची मुदत मागून घ्या. घेणारा कुरकुर करेल, थोडी किंमत पाडून मागेल. मागू द्या. सेवेच्या कराराचा मसुदा मिळाला की पाठवा, त्यातली कुठली वाक्यं खोडायची ते पेन्सिलने खूण करून देतो.